मास्कच्या व्हिडिओतले दहा सेकंद

मिलिंद, तुझ्याच शोकसभेत तू मधेच बोललास.

दुपारच्या पाळीची वेळ होती. गेटाच्या आत, टाइम ऑफिसच्या शेडखाली आम्ही सगळे उभे होतो. मॅनेजर होते, युनियनवाले होते, कँटीनची माणसं हात पुसत बाहेर आली होती. टेबलावर तुझा फोटो होता, आय-कार्डावरून मोठा केलेला, म्हणून जरा फुटलेला. दोन मिनिटांची स्तब्धता सुरू झाली, माना खाली गेल्या, आणि तेवढ्यात कुणीतरी उशिरा आलेल्यानं सवयीनं गेटावर पास लावला. वॉचमन जाधवमामांच्या हातातल्या, पास वाचायच्या डब्यातून तुझा आवाज आला, ‘नमस्कार मंडळी. आधी मास्क हातात घ्या.’

मामांना तो बंद करता येईना. येणार कसा? बंद करायची सोय मीच ठेवली नव्हती, कारण लोक व्हिडिओ न बघता आत पळतात. मामांनी डबा पोटाशी दाबून धरला आणि तू त्यांच्या पोटातून बोलत राहिलास. पट्टा मागून घ्या, नाकावर नीट बसवा, दाढी असेल तर आधी दाढी करून या. कुणी हसलं नाही. स्तब्धता संपली तरी तुझं चालूच होतं. मॅनेजर हातातला कागद घेऊन थांबले. तुझं बोलून झाल्यावर त्यांनी तुझ्याविषयी बोलायला सुरुवात केली.

युनियनवाले म्हणाले, ‘परशुरामभाऊ, तुमचा जुना दोस्त होता, फळ्यावर लावायला चार ओळी लिहून द्या.’ चार ओळींत हे मावणारं नाही. शिवाय मला जे सांगायचं आहे ते फळ्यावर लावण्यासारखंही नाही. म्हणून तुलाच लिहितो आहे.

तळोज्याच्या या प्लँटमध्ये आपण एकाच आठवड्यात हेल्पर म्हणून लागलो. तू जालन्याकडून आलेला, मी इथलाच, गावचा. पहिल्याच दिवशी तू मला विचारलंस, ‘तुमच्याच भाताच्या शेतावर कंपनी उभी हाय म्हन्तात, मंग तू गेटावर पास कामून दाखवतो?’ तेव्हा मला राग आला होता. नंतर तो प्रश्न मी इतक्या लोकांना ऐकवला की माझाच वाटायला लागला. माझ्या डब्यातलं सुकट तू नाक मुरडून खाल्लंस आणि दुसऱ्या दिवशी मी डबा उघडायच्या आधीच झाकण काढून बसलास. तुझा ठेचा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं की तू म्हणायचास, खाडीवरचं माणूस, पाण्याला काय तोटा.

पुढे माझी पाठ गेली. मला टाक्यांवरून काढून ट्रेनिंगच्या खोलीत बसवलं, तिथं मी कॉम्प्युटर शिकलो. तू मात्र टाक्यांवरच राहिलास. रिअ‍ॅक्टरची टाकी धुण्याआधी आत रसायनाची वाफ असते, डोळ्यांना दिसत नाही, कधी कधी वासही येत नाही. तुझं एक ठरलेलं होतं. मास्क चढवला की दोन्ही बाजूंच्या फिल्टरवर तळवे ठेवायचे, श्वास आत ओढायचा आणि थांबायचं. मास्क चेहऱ्याला चिकटला आणि दहा मोजेपर्यंत चिकटून राहिला तर आत जायचं. सुटला तर कुठूनतरी हवा येते आहे, परत बांधायचा. तू हे माझ्याही चेहऱ्यावर केलं आहेस. एकदा टाकीच्या तोंडाशी मी घाई करत होतो, तेव्हा माझ्या मास्कवर तुझे हात ठेवून तू म्हणालास, ‘वढ श्वास.’ मी ओढला. मास्क ढिम्म हलला नाही, कारण कानाखालून हवा सरळ आत येत होती. तू पट्टा आवळलास, एक टपली मारलीस आणि मला आत सोडलंस. त्या दिवशी आत किती वाफ होती ते मला माहीत नाही. मी संध्याकाळी घरी गेलो, जेवलो, मुलांवर ओरडलो. एवढं मात्र नक्की माहीत आहे.

म्हणूनच, जेव्हा वरून हुकूम आला की गेटावर पास तपासायच्या यंत्रावरच प्रत्येकाला मास्कचा व्हिडिओ दाखवा, तेव्हा तुझ्याशिवाय दुसरं नाव मला सुचलं नाही.

कामोठ्याचा तो लग्नाचं शूटिंग करणारा पोरगेलासा गडी आला होता. तो सारखा, ‘काका, जरा हसा ना,’ म्हणत होता आणि तू म्हणालास, ‘मास्कात काय डोंबल दिसनार हसू?’ तू इस्त्रीचा युनिफॉर्म घालून आला होतास. एकदाही चुकला नाहीस. श्वास धरून उभा राहिलास तेव्हा शूटिंगवाल्याला वाटलं तू विसरलास. त्यानं मला खूण केली. मी त्याला गप्प राहायला सांगितलं. तेव्हा मी शहाणा होतो.

मग फाइल माझ्याकडे आली. चित्र काय सुंदर होतं, तुझ्या भुवयांतले पांढरे केससुद्धा मोजता येत होते. पण गेटावरचे ते चार डबे पास वाचायला घेतलेले, त्यांचा जीव तो केवढा. व्हिडिओ लावला की आवाज पुढे पळायचा आणि चित्र मागे लंगडत यायचं. तू ‘पट्टा आवळा’ म्हणायचास आणि पडद्यावर अजून मास्क हातातच. म्हणून मी फाइल बदलायला बसलो. चित्र लहान केलं, डब्याच्या पडद्याएवढं. सेकंदाला तीस चित्रं होती त्यांची पंधरा केली. त्या डब्याला कळेल अशा जुन्या पद्धतीत सगळं बसवलं. हे शिकायला मला आठ दिवस लागले. शेवटी एका दुपारी तू त्या चार बोटांच्या काचेत सरळ चालायला लागलास, ओठ आणि आवाज बरोबर. मी तुला कँटीनमधून बोलावून आणून दाखवलं होतं. तू पाहिलंस आणि म्हणालास, ‘लई बारका केला रं मला.’ पण खूश होतास.

आणि मग तक्रारी आल्या. व्हिडिओ अडकतो.

कुठं अडकतो, तर सगळ्यांचा एकाच जागी. लोक डबा हलवत होते, काचेवर टिचक्या मारत होते. सकाळच्या पाळीला गेटावर रांग लागली, जाधवमामा मला फोन करून करून थकले. मी तीन दिवस सेटिंग बदलत बसलो. चौथ्या दिवशी गेटावर उभा राहून स्वतः बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डबा अडकत नव्हता. तू श्वास धरून उभा होतास. हात हलत नाहीत, डोळे हलत नाहीत, मागे भिंत. लोकांना वाटायचं चित्र थांबलं.

इथं मला अक्कल हवी होती, ती नेमकी शेण खायला गेली. मी ते दहा सेकंद कापले.

तुला मी तेव्हा सांगितलं की फाइल मोठी होत होती. ते खोटं होतं, मिलिंद. या कामातली एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. चित्रात जिथं काही हलत नाही तिथं फाइलला जागाच लागत नाही. आधीच्यासारखंच आहे, एवढंच तिथं लिहिलेलं असतं. तुझ्या त्या दहा सेकंदांचं वजन जवळजवळ काहीच नव्हतं. मी ते कापले ते फक्त माझा फोन वाजायचा थांबावा म्हणून. आणि थांबला.

तू पाहिलंस त्याच दिवशी ट्रेनिंगच्या खोलीत आलास. बसलाही नाहीस.

‘माझा श्वास कुठं गेला रं?’

‘आरे, फाइल मोठी होत व्हती. आन् लोकांना वाटतंय अडकला म्हनून. रांगा लागतात.’

‘लागू दे की. त्येच तर शिकवायचंय, थांबायचं.’

‘मिलिंद, डोका नको खाऊ. सगला तर हाय ना त्याच्यात.’

‘सगळं हाय आन् तेवढंच न्हाई.’ मग तू म्हणालास, ‘आसं कर, खाली आकडे टाक. एक, दोन, तीन. म्हंजी कळंल चालू हाय.’

साधा, सोपा उपाय होता. अर्ध्या तासाचं काम. मी म्हणालो, पुढच्या वेळी बघू. आपल्यात ‘पुढच्या वेळी’ म्हणजे काय ते तुला ठाऊक होतं. तू दार न लावता गेलास.

त्यानंतर जे झालं ते आपल्याच प्लँटमध्ये होऊ जाणे. मधलं गेल्यामुळे व्हिडिओत तुझे तळवे मास्कवर जाताना दिसतात आणि लगेच खाली येतात. थाप मारल्यासारखे. आणि लोक तसंच करायला लागले. मास्क चढवायचा, दोन्ही बाजूंना एक एक थाप मारायची आणि आत जायचं. नवीन पोरं त्याला ‘मिलिंद थाप’ म्हणायला लागली. काही जण तर जोरात मारायचे, आवाज झाला पाहिजे म्हणून. मी खिडकीतून बघायचो आणि बघितलं न बघितलं करायचो.

एक दिवस तू हसत हसत आलास, पण ते हसू काही खरं नव्हतं. नव्या सुपरवायझरनं तुला टाकीवर अडवलं होतं. तू तळवे ठेवून थांबला होतास आणि त्यानं तुला मोबाइलवर तोच व्हिडिओ दाखवून सांगितलं, ‘काका, वेळ नका घालवू. व्हिडिओत बघा, असं नाहीये.’

‘माझंच मला दाखवत्यात, पर्शा,’ तू म्हणालास. ‘आन् त्यो व्हिडिओतला माझ्याहून शाना हाय म्हन्तात.’

मी हसलो. देवाशप्पथ, मी हसलो. त्याच वेळी उठून काम करायला हवं होतं. तू चहा पिऊन गेलास. नंतर तू तो विषय काढला नाहीस आणि मी, बरं झालं, असं म्हटलं. त्यानंतर तीन महिन्यांनी एका रविवारी जेवण झाल्यावर तू आडवा झालास तो उठला नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय. त्याचा मास्कशी काही संबंध नाही, हे मी स्वतःला रोज सांगतो. तू तर कायम दहा मोजूनच आत जायचास. पण रात्रंदिवस माझ्या मनात एकच येतं, की तो सुपरवायझर मागे उभा असताना, नंतरच्या त्या महिन्यांत, तू दर वेळी मोजलेस का? हे विचारायला आता कुणी नाही.

तू गेलास आणि तरी रोज तीन पाळ्यांना गेटावर आहेस. पहिले काही दिवस लोक डब्यासमोर हात जोडायचे. कँटीनची आशाताई तर ‘जय भीम भाऊ’ म्हणून मगच आत जायची. आता सवय झाली आहे सगळ्यांना, मला होत नाही. माझी खोली गेटाला लागून. दिवसातून कितीतरी वेळा तुझा आवाज येतो आणि मी मान वर करतो. ‘हात ठेवा,’ म्हणतोस आणि पुढचं वाक्य लगेच येतं, मधे श्वासाला जागा नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाला कळंबोलीला आलो होतो. त्रिशरण झालं, माणसं पांगली. सुमनवहिनींनी मला बाजूला घेऊन स्वतःचा मोबाइल पुढे केला. म्हणाल्या, ‘भाऊजी, यांचा त्यो मास्कचा व्हिडिओ यात घालून द्या. फोटोत बोलत न्हाईत.’ माझ्याकडे होताच, मी तिथंच पाठवला. त्या भिंतीला टेकून बघायला लागल्या. तुझे तळवे वर गेले, खाली आले, आणि वहिनींनी एकदम मान वर केली.

‘मधलं कुठं गेलं?’

सात महिन्यांत शेकडो माणसांनी तो व्हिडिओ पाहिला, मिलिंद. एकानंही हे विचारलं नव्हतं.

‘शूटिंगच्या आधी चार दिस हितं आरशापुढं करत व्हते,’ वहिनी म्हणाल्या. ‘मी मोजायची. मधीच डोळ्यानं इचारायचे, झाले का दहा. मी मुद्दाम सावकाश मोजायची.’ त्यांनी परत लावला, परत बघितला. ‘हे आसे घाईत कवाच काय करत नव्हते, भाऊजी.’

मी म्हणालो, फाइलमध्ये काहीतरी प्रॉब्लेम असेल.

तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर, तुझ्या बायकोला मी हे सांगितलं. परत येताना तळोज्याच्या रस्त्यावर टँकरच्या मागे रिक्षा थांबली होती तेव्हा मी मोठ्यानं स्वतःला शिवी दिली. रिक्षावाल्यानं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मूळ फाइल शोधायला बसलो. नव्हती. जागा करायला मीच पुसली होती. शूटिंगवाल्यानं कार्डावर पुढचं लग्न भरलं होतं. दोन दिवस मी सगळे कप्पे, सगळे जुने पेनड्राइव्ह उलथेपालथे केले. मग जाधवमामा म्हणाले, ‘अहो, तो काच फुटलेला डबा केबिनमध्ये पडलाय, त्यात कधीचं काय असेल बघा.’ गेटावरच्या चार डब्यांपैकी एक मी कापायच्या आधीच पडून फुटला होता. तो दुरुस्तीला गेला नाही, म्हणून त्यात कापलेला व्हिडिओ गेलाच नव्हता. चार्जिंगला लावला, दुपारभर तो मेल्यासारखा पडून होता, मग एक दिवा लागला. वायर लावून फाइल काढली. कॉम्प्युटरवर उघडली. तळवे वर गेले आणि तू थांबलास.

मी पुरे दहा सेकंद तुझ्या डोळ्यांत बघत बसलो. किती दिवसांनी.

आधीच लहान केलेली फाइल, तिचं परत काही करायचं म्हणजे चित्र अजून बिघडतं. तुझ्या कपाळावर चौकोन पडले आहेत. भुवयांतले पांढरे केस आता दिसत नाहीत, ते गेले ते गेलेच. आणि एक गोष्ट आहे. असल्या फाइलमध्ये दर दोन सेकंदांनी एक चित्र पुरं नव्यानं येतं, त्यामुळे जे स्थिर असतं तेही किंचित हलतं. याचं कारण मला माहीत आहे, मी कुणालाही समजावून सांगू शकतो. पण तू तिथं दम धरून उभा असतोस आणि तुझी छाती जराशी वर येते, खाली जाते. ते बघून मी खुर्ची मागे सरकवली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. कोणी हाक मारली तेव्हा आत आलो.

मग आकडे टाकले, तू सांगितले होतेस तसे. एक ते दहा, खाली, मोठे, पिवळे. अर्धा तासही लागला नाही.

रविवारी वहिनींकडे गेलो आणि आधी खरं सांगितलं. फाइलमध्ये प्रॉब्लेम नव्हता, मी कापलं होतं, आणि मिलिंद मला ते परत घाल म्हणाला होता. मी नवी फाइल पाठवली. त्यांनी मोबाइल हातात घेतला, व्हिडिओ लावला. आकड्यांकडे त्यांनी बघितलंही नाही, त्यांचं त्या मोजत होत्या, ओठातल्या ओठात, तुझ्याकडे बघत. आकडे त्यांच्या पुढे पळाले. त्यांचे दहा होईपर्यंत तू हात खाली घेतले होतेस. मग त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मला चहा तुझ्या मुलीनं दिला. मला माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही, आणि विचारायचा हक्कही नाही.

काल सकाळच्या पाळीला नवा व्हिडिओ गेटावर लावला. मी मामांच्या शेजारी उभा राहिलो. व्हायचं तेच झालं. पहिल्याच दोघांनी काचेवर टिचकी मारली. मागून कुणीतरी ओरडलं, ‘परत अडकला वाटतं.’ आणि मला बोलावं लागलं.

‘अडकला नाय. श्वास धरलाय त्यानं. तुमीपन धरा.’

थोडी कुरकुर झाली. एकानं थाप मारून सटकायला बघितलं, मामांनी हात आडवा घातला. रांग फाटकाबाहेर गेली, सुपरवायझर घड्याळ बघत आला आणि माझ्याकडे बघून परत गेला. मग मंदाचा नंबर आला. सफाईच्या कंत्राटातली, कळंबोलीहून येते, टाक्या धुतल्या की आतला गाळ काढायला जाते. तिनं मास्क चढवला, तुझ्याकडे बघत बघत तळवे ठेवले. श्वास ओढला. आकडा दोनवर होता तेव्हाच तिच्या भुवया आकसल्या. तिनं हात काढले, पट्टा ओढून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

‘साहेब, चिकटत न्हाई. हितनं वारा येतोय,’ ती म्हणाली आणि हनुवटीपाशी बोट ठेवलं.

मी मास्क हातात घेतला. हनुवटीखालच्या रबराला चीर होती, नखाएवढी. कडा काळ्या पडलेल्या, म्हणजे आजची नव्हे.

‘हा कधीपासून घालतेस?’ मी विचारलं.

तिला वाटलं मी तिला रागावतो आहे. ती घाईघाईनं म्हणाली, ‘लागले तवापासून ह्योच हाय, साहेब. पाच म्हैने झाले. रोज थाप मारूनच जातो की आम्ही.’